गिरजा फिश सेंटरचे माळकरी काका

विदर्भातल्या गोरेगावात मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते, त्या काकांनी जन्मात मासा तोंडात घातला नव्हता. पण आमच्या गल्लीत कुठला मासा कढईत जाईल आणि कुठला उकिरड्यावर, हे तेच ठरवत.

काका म्हणजे माझे घरमालक. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून, फलाटावर गाड्या पुकारत, सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले. उंच, वाळके, गळ्यात तुळशीची माळ आणि आवाज असा, की त्यांनी नुसतं "दूधवाला आला" म्हटलं तरी पलीकडच्या गल्लीतली माणसं बस लागली समजून पिशव्या उचलायची. घरात ते तिकडच्या झाडीबोलीत बोलत. राग आला किंवा लाज वाटली, की मात्र फलाटावरची मराठी सुरू व्हायची. काकू त्यावरून घरातलं हवामान ओळखायच्या. "कृपया नोंद घ्यावी" असं बाहेरून ऐकू आलं, की त्या गॅस बारीक करून पदर खोचत दारात येत.

मी कोकणातली. गोरेगावच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला गेले होते. खोली बघायला गेले तेव्हा काकांनी विचारलं, "का शिकवता जी?"

"सूक्ष्मजीवशास्त्र. म्हणजे जंतू."

काका पुढे झुकले. "जंतूले शिकवता? अन् ते शिकतेत?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग पुढचा प्रश्न आला, "मच्छी-मटन?"

"खाते."

या उत्तरावर त्यांनी इतका विचार केला, की मला वाटलं खोली गेली. शेवटी म्हणाले, "खा. पन वरतीच. खाली वास नाई आला पायजे."

वास वरून खाली येईल याचीच त्यांना भीती होती. तो खालूनच वर येईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांचं नाक हा एक स्वतंत्र विषय आहे. आपल्यासारख्या खाणाऱ्यांना माशाचा वास एकच. काकांच्या कोऱ्या नाकाला त्यात शंभर वास लागायचे. एकदा मी सुट्टीवरून परत येताना सुके बोंबील आणले होते, चार पिशव्यांत गुंडाळून, कपड्यांच्या तळाशी. काका स्टँडवर कुणाला तरी पोचवायला आले होते. त्यांनी प्रेमाने माझी बॅग उचलली, दोन पावलं चालले आणि बॅग खाली ठेवून हळूच म्हणाले, "मॅडम, याच्यात कोनी मेला आहे का?"

तर अशा माणसाच्या घराच्या पुढच्या गाळ्यात मच्छीचं दुकान निघालं. गाळ्याच्या मागे काका-काकू राहत, वर मी. आधी त्या गाळ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद पडलं आणि सुखदेव आला. सुखदेव बोदलकसा जलाशयाकडचा, तिथे जाळं टाकणाऱ्यांच्या घरातला. धिप्पाड, हसरा, बोलताना हात जोडून बोलणारा. त्याने गाळा मागताना सांगितलं, बर्फाचा धंदा करायचा आहे. काकांना बर्फ आवडला. थंड, पांढरा, निरुपद्रवी. त्यांनी शब्द दिला.

पहिल्या सकाळी पेट्या आल्या, बर्फ आला आणि बर्फावर ओळीने रोहू आणि कतला येऊन निजले. काका बाहेर आले.

"हे का आहे?"

"बर्फ जी, काकाजी."

"बर्फावर का आहे?"

"मच्छी."

"तू तं बर्फाचा धंदा बोलला होतास!"

"मंग? बर्फ नसला तं धंदाच नाई," सुखदेव हात जोडून म्हणाला. "मच्छी तं आपली त्याच्यावर बसून राहते."

दुसरा कुणी असता तर त्याच दुपारी पेट्या रस्त्यावर आल्या असत्या. पण काकांनी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द फिरवणं म्हणजे त्यांच्या लेखी पाटी लावून उभी केलेली गाडी रद्द करण्यासारखं. त्यांनी ते गिळलं. जे त्यांना गिळता आलं नाही ते दुसऱ्या दिवशी आलं. घराचं नाव, काकांच्या आईच्या नावावरून, गिरजा सदन. सुखदेवने मोठ्या भक्तिभावाने फलक रंगवून आणला: गिरजा फिश सेंटर. दोन्ही टोकांना हसणारा एकेक मासा. फलकाला हार घातला, उदबत्ती लावली आणि म्हणाला, "काकाजी, मायच्या नावानं धंदा केला तं बरकत येते."

गिरजाबाई चातुर्मासात कांदा घरात येऊ देत नसत म्हणे. त्यांचा फोटो काकांच्या बैठकीत होता. काका त्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मी जिन्यावर होते. मला बघून ते म्हणाले, "मॅडम, ही मच्छी खाऊन कोनाचा पोट बिघडला, तं लोक का म्हनतीन?"

"काय म्हणतील?"

"म्हनतीन, गिरजाबाईनं जुलाब लावले."

मला हसू दाबावं लागलं, पण काकांचे डोळे भरले होते. फलक काढ म्हणावं, तर सुखदेवने उदबत्ती लावलेली. मग उरलं एकच. या दुकानातली मच्छी खाऊन आख्ख्या तालुक्यात कुणाचं पोट बिघडता कामा नये. काकांनी हे मनावर घेतलं.

सकाळी पूजा झाली की ते तपासणीला निघत. अंगात एसटीच्या काळातला रेनकोट, म्हणजे खवले उडायला नकोत. नाकाला रुमाल. हातात सायकलची तार, कारण माशाला बोट लावण्याचा प्रश्नच नव्हता. तार टोचून ते निकाल देत. "हा लेट आला." "हा रस्त्यात बिघडला." "याले डेपोत जमा कर." डेपोत जमा म्हणजे उकिरड्यावर.

"काकाजी, जिता आहे तो!" सुखदेव कळवळून म्हणायचा.

"जिता आहे तं डोरे काऊन असे?" काका माशाच्या डोळ्यांवर तार रोखत.

"तुमाले पाहून भेवला जी."

तपासणी संपली की काका पुन्हा आंघोळ करत. संध्याकाळी पुन्हा तपासणी, पुन्हा आंघोळ. काकू वैतागून म्हणायच्या, "या मानसानं मच्छी खाल्ली असती तं एवढा पानी नसता लागला."

दुपारच्या वेळी त्यांचं ठाणं माझी गॅलरी. गॅलरी खरं तर माझ्या भाड्यात होती, पण तिथून दुकान नीट दिसे. ते दार वाजवत, "येऊ का जी?" म्हणत आणि उत्तराआधीच गॅलरीत पोचलेले असत. तिथून खाली बघत, वास घेत, मधेच ओरडत, "सुकदेव, डाव्या पेटीतला, खालचा!" सुखदेव पेटी उपसायचा. बहुतेक वेळा काकांचं बरोबर निघायचं.

एक दिवस मी त्यांची तपासणी जवळून बघितली आणि माझ्यातली भाडेकरू राहिली बाजूला, मास्तरीण जागी झाली.

"काका, ही तार तुम्ही खराब माशात खुपसली आणि तीच पुढच्या माशात."

"मंग?"

"मग त्याचे जंतू तुम्ही पुढच्या सगळ्यांना वाटत चालला आहात. प्रसादासारखे."

काकांनी तार हातातून टाकली. मला म्हणाले, दाखवा. मी तार कॉलेजात नेली, जंतू वाढवायच्या बशीतल्या जेलीवर तिची एक रेघ ओढली आणि बशी उबेला ठेवली. दोन दिवसांनी काका प्रयोगशाळेत आले. देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढल्या. मी बशीचं झाकण न उघडता त्यांच्या पुढे धरली. तार जिथून फिरली होती तिथे बरोबर तेवढ्याच लांबीची पिवळट, ओलसर दाण्यांची रांग उगवली होती.

"हे मीच केला?"

"हो."

"अन् दिसत काहीच नव्हता."

"दिसतही नाही आणि यांतल्या पुष्कळांना वासही नसतो. मासा सडला की वास येतो, ते जंतू वेगळे. माणसाला आजारी पाडणारे पुष्कळदा बिनवासाचे."

या वाक्याने काकांचं जेवण गेलं. सगळी भिस्त नाकावर होती, आणि नाकालाच मी निवृत्त केलं होतं. संध्याकाळी ते गॅलरीत आले तेव्हा एखाद्या विद्यार्थ्यासारखे विचारत होते. मंग धोका कशात आहे? मी सांगितलं, बर्फ कुठल्या पाण्याचा आहे त्यात, सुरी आणि लाकडाच्या ठोकळ्यात, हातात, माशीच्या पायात. मासा नीट शिजला तर बहुतेक जंतू मरतात. खरी भीती शेजारच्या कच्च्या वस्तूची. ज्या विळीवर मासा कापला तिच्यावरच काकडी कापली, तर मासा सुटतो आणि काकडी पकडली जाते.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक माशाला स्वतंत्र तार आणि वापरलेल्या सगळ्या तारा उकळत्या पाण्यात. काकूंनी पहिल्याच सकाळी पातेलं हातात घेऊन बंड केलं. "माझ्या दुधाच्या गंजात मच्छीच्या तारा उकडून राहिले हे! मॅडम, तुमीच शिकवला ना? आता तुमीच चहा पाजा याहिले."

शिवाय गॅलरीतून घोषणा सुरू झाल्या. "ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. मच्छी घेऊन गप्पा मारत उभे राहू नये. मच्छी घरी पोचताच शिजवावी. त्याच विळीवर काकडी कापू नये." दवनीवाड्याहून आलेली एक बाई वर म्हाताऱ्या काकांकडे बघून सुखदेवला म्हणाली, "हे बुडा मच्छी खाते का गा?"

"नाई."

"मंग याले का करना आहे?"

हा प्रश्न पुष्कळांना पडायचा, पण झालं भलतंच. गिऱ्हाईक वाढलं. ज्या दुकानावर माळकरी पहारा देतो तिथली मच्छी खोटी असणार नाही, असा लोकांचा हिशेब. दुसरीकडे घेतलेली मच्छीही माणसं काकांना हुंगवायला आणू लागली. एक जण मोटरसायकलवरून आला आणि पिशवी वर धरून उभा राहिला. काका गॅलरीतून म्हणाले, "उघडू नको. तिथूनच वापस ने." सुखदेव खूश होता. "काकाजी म्हनजे माझे फ्रीचे इन्स्पेक्टर," असं तो सगळ्यांना सांगे.

काकांना एकाच गोष्टीचा त्रास होता, तो पाण्याचा. दुकानाचा नळ घराच्या टाकीवरच होता, आणि मच्छीवाल्याला पाणी लागतं म्हणजे लागतंच. टाकी किती उतरली हे बघायला काका दिवसातून कितीतरी वेळा गच्चीवर चढत, झाकण सरकवून आत डोकावत, खाली येऊन सुखदेवला सुनावत. सुखदेव हात जोडून ऐकत असे आणि नळ तसाच सोडत असे.

दिवाळीनंतर सुखदेवने नवी योजना काढली. किलोभर मच्छीवर सांबार फुकट. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हे माहीत नव्हतं तेव्हा मी एका घरी "सांबार घालू का?" ऐकून इडलीची वाट बघत बसले होते. तर दुकानाच्या पायरीवर सांबाराच्या जुड्यांची टोपली ठेवलेली असायची आणि जुड्या कोमेजू नयेत म्हणून सुखदेव नळाचं पाणी दिवसभर त्यांच्यावर शिंपडायचा. लोक घरी जाऊन रस्सा उकळत आणि ताटात वाढताना वरून मूठभर सांबार चिरून टाकत.

एका आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानासमोर उभं राहायला जागा नव्हती. मीसुद्धा रोहू आणला आणि आमच्या पद्धतीने कोकम घालून केला. सांबार घेतला नाही. कोकमाच्या आमटीत तो मला खपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून गलका ऐकू आला. गॅलरीत जाऊन बघते तर दुकानापुढे गर्दी. सगळ्यांत पुढे समोरचा हार्डवेअरवाला भोजराज, एका हाताने पोट धरलेला, चेहरा उतरलेला, आणि दुसऱ्या हातात त्याच्याच दुकानातलं कोरं करकरीत कुलूप.

"बाईले सलाईन लावला आहे माझ्या!" तो ओरडत होता. "रातभर दोघंबी धावून राहिलो! बंद कर हे दुकान!"

"माझ्या घरी पोरगा, सासू, सगडे पडले," मागून कुणीतरी म्हणालं.

एकाने मोबाईल वर धरून गल्लीच्या ग्रुपवर आलेला मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. "गिरजा की मच्छी मत खाना. पूरा मोहल्ला बीमार है."

ज्या वाक्याच्या भीतीने काकांनी इतके दिवस तारा उकळल्या होत्या, ते वाक्य आलं होतं. फक्त हिंदीत.

सुखदेव पेट्यांच्या पुढे हात पसरून उभा होता. तो म्हणत होता, "भाऊ, काल सकारीच बोदलकश्याहून आनली, उड्या मारून राहिली होती... काकाजीले इचारा! काकाजीनं सोता पाह्यली!" आणि त्याने वर माझ्या गॅलरीकडे बघितलं. तिथे मी एकटी होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या सकाळी काकांची तपासणी झालीच नव्हती.

मी खाली धावले. मागचं दार काकूंनी अर्धवट उघडलं. "झोपले आहेत," त्या म्हणाल्या. त्याच क्षणी आतून बादलीचा आवाज आला, मग काकांचं कण्हणं.

"काकू, काकांचं पोट..."

काकूंनी माझं मनगट धरून मला आत ओढलं. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. त्या कुजबुजल्या, "हरू बोला, मॅडम. रातपासून. याहिचा बी, माझा बी. कोनाले सांगू नका. लोक म्हनतीन, माळकरी लपून मच्छी खाते."

मी मनात हिशेब मांडला. मी काल पोटभर मासा खाल्ला होता आणि छान झोपले होते. जे माशाला शिवलेही नाहीत ते बादलीशी होते. आमच्यात फरक एवढाच, की मी कोकणातून आल्या दिवसापासून पाणी उकळून पीत होते आणि काका-काकू नळाचं पाणी फडक्याने गाळून.

मी गच्चीवर गेले. टाकीचं झाकण बाजूला पडलेलं. काठावर ओल्या पंजांचे ठसे, अर्धवट खाल्लेला पेरू, आणि वानरांच्या टोळीने आत-बाहेर जे जे करून ठेवलं होतं ते सगळं. आत पाण्यावर पालापाचोळा आणि लेंड्या तरंगत होत्या.

खाली आले तेव्हा काका भिंतीला धरून बैठकीत येऊन बसले होते. बाहेर आवाज वाढला होता.

"काका, मासा निर्दोष आहे," मी म्हटलं. "टाकी उघडी आहे. वानरं आत उतरली होती. तेच पाणी सांबारावर शिंपडलं गेलं, आणि सांबार लोकांनी कच्चा खाल्ला."

"झाकन..." काका म्हणाले आणि थांबले. मग अगदी हळू, "झाकन परवा मीच सरकवला होता. फोन आला म्हून तसाच खाली आलो. काल बाजाराच्या गर्दीत वरती गेलोच नाई."

बाहेर पेटी आपटल्याचा आवाज झाला.

"तुमच्या त्या बशीत ठेवून दाखवा न त्याहिले," काका म्हणाले.

"बशीला दोन दिवस लागतील."

"दोन दिवसात ते त्याचा दुकान नालीत टाकतीन."

"म्हणून म्हणते. आत्ता दाखवण्यासारखा पुरावा एकच आहे. तुम्ही."

"मी?"

"मी मासा खाल्ला, मला काही नाही. तुम्ही खाल्ला नाही, तुम्हाला सगळं. पुरावा तुमच्या पोटात आहे, काका."

काकू मधे पडल्या. "नाई! काही जाऊ नका. पूर्ण गाव हासेल. जन्मभर माळ घातली, अन् आता लोक गल्लीत इचारतीन, काकाजी, झिंगे आवडतेत का रोहू?"

"मॅडम, तुमीच सांगा न," काका अजिजीने म्हणाले. "तुमी शिकल्या-सवरल्या आहात."

"मी मासे खाणारी, काका. म्हणतील मासेवाल्याची बाजू घेते."

ते खाली मान घालून बसले. मी त्यांना कधी इतकं लहान झालेलं बघितलं नव्हतं. बाहेर सुखदेवचा आवाज आला. तो आता भांडत नव्हता, विनवत होता. "भाऊ, बर्फावरची फेका, चालते. पन पेट्या नका फोडू."

काका उठले. आधी मोरीकडे गेले. बाहेरचा गलका आणि आतला नळ, दोन्ही बराच वेळ चालू होते. मग धुतलेला सदरा घालून, माळ सदऱ्यावर दिसेल अशी बाहेर काढून, ते कठड्याला धरत माझा जिना चढले. या वेळी "येऊ का जी" म्हणाले नाहीत. मी त्यांच्या मागोमाग होते.

गॅलरीत उभे राहून त्यांनी घसा खाकरला.

"सर्व नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे."

गर्दी एकदम गप्प झाली. सवयीचा भाग. त्या आवाजावर या गावाने वर्षानुवर्षं गाड्या पकडल्या होत्या. दोघा-तिघांनी खाली ठेवलेल्या पिशव्याही उचलल्या.

"या इमारतीच्या मालकास, म्हणजे स्वतः मला, काल रात्रीपासून जुलाब होत आहेत."

खालच्या सगळ्या माना वर झाल्या.

"माझ्या पत्नीसही होत आहेत."

"माझा नाव कायले घेता!" खालून काकूंचा आवाज आला.

"आम्ही उभयतांनी मच्छी खाल्लेली नाही. या इमारतीच्या टाकीचे झाकण उघडे राहिले. ते मी उघडे ठेवले. टाकीत वानरांनी आंघोळ केलेली आहे. तेच पाणी सांबारावर शिंपडण्यात आले. मच्छी शिजली, सांबार कच्चा राहिला. तरी सुखदेव यांचा अथवा मच्छीचा यात कोणताही दोष नाही, याची नोंद घ्यावी. होणाऱ्या... झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

 भोजराज कुलूप खालवर करत उभा होता. मी वरून विचारलं, "भोजराजभाऊ, तुमच्या घरात मच्छी खाऊन कुणी बरं आहे का?"

तो आठवू लागला. "माय बरी आहे."

"त्यांनी सांबार खाल्ला?"

"नाई... ते सांबार येचून ताटाच्या भाईर फेकते." एवढं बोलून तो मागे वळून सगळ्यांकडे बघू लागला.

तरी एक खट असतोच. मागून कुणीतरी ओरडलं, "काकाजी, सच्ची बात बोला! थोडी तरी खाल्ली होती का नाई?"

काकांची फलाटावरची मराठी तिथे संपली. "नाई गा! माय सपथ नाई! तुकडा बी..." आणि त्यांचा चेहरा बदलला. एक हात पोटावर गेला. "थांबा, आलोच," म्हणून ते वळले आणि माझ्या संडासाचं दार धाडकन लागलं.

खाली आधी एक जण हसला, मग सगळी गल्ली. ज्यांना सलाईनची गरज होती तेही पोट धरून हसले. यापेक्षा भक्कम पुरावा सादर करणं कुठल्याही प्रयोगशाळेला शक्य नव्हतं.

भोजराजची बायको संध्याकाळी घरी आली. बाकीचेही साखर-मिठाच्या पाण्यावर सावरले. मी पाण्याचे, सांबाराचे आणि माशाचे नमुने काढून घेतल्यावर सुखदेव स्वतः टाकीत उतरला, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून ती धुतली. माझ्या बशा दोन दिवसांनी बोलल्या. टाकीचं पाणी आणि सांबार दोन्हींत जंतूंची जत्रा, आणि पेटीतला मासा त्यांच्या मानाने साधू. भोजराजने आणलेलं कुलूपही वाया गेलं नाही. ते त्याने स्वतःच गच्चीवर जाऊन टाकीच्या झाकणाला लावलं.

काका मात्र घराबाहेर पडेनात. तपासणी बंद. गॅलरी रिकामी. सुखदेव मासे मांडून मागच्या दाराकडे बघत बसायचा आणि गिऱ्हाईकही विचारायचं, आज बुडा नाही का. गावात हसणं चालू होतंच. कुणाचंही पोट बिघडलं की म्हणत, "काकाजीचा पानी पेला का?" हे काकांच्या कानावर जाऊ नये म्हणून आम्ही जपत होतो. पण एका संध्याकाळी जिन्यात ते मला स्वतःच म्हणाले, "मॅडम, लोक माझ्या पान्याचा नाव घेऊन राहिले म्हने."

"मनावर घेऊ नका, काका."

"नाई नाई. घेऊ द्या." त्यांनी बैठकीतल्या फोटोकडे बघितलं. "माझा घेतेत न? मंग चालते."

त्याच आठवड्यात सुखदेव मागच्या दारात आला. इतके महिने तो त्या उंबऱ्यापर्यंत आला नव्हता. मच्छीच्या हाताने कसं यायचं, म्हणायचा. आज आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आला होता आणि डोक्यावर टोपली होती. टोपलीत तलावातले उकडलेले शिंगाडे.

"काकाजी, हे वेलीचा आहे. जीवजंतू नाई."

काका दारात उभे राहिले. टोपलीकडे बघितलं, सुखदेवकडे बघितलं. "कोनत्या पान्यात धुतला?"

सुखदेव गडबडला. काकूंच्या आणि जिन्यात उभ्या असलेल्या माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "आता... तुमच्याच टाकीच्या जी."

 मी जिन्याचा कठडा धरला. काकांनी एकदा मान वर करून छताकडे, म्हणजे टाकीच्या दिशेने बघितलं.

"उकडला किती वेर?"

"शिट्ट्या मोजल्या नाई, काकाजी. पन भल्ला उकडला."

काका तिथेच, उंबऱ्यावर, सुखदेवच्या शेजारी बसले. एक शिंगाडा उचलला, त्याचं काळं साल नखाने सोलून बाजूला ठेवलं, पांढरा गर उजेडात धरून चारी बाजूंनी तपासला आणि तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले. सुखदेव हात जोडून बघत होता.

"मीठ कमी आहे," काका म्हणाले आणि टोपली स्वतःकडे ओढली.